कोशूट स्ट्रीटवरचे रविवार

एलमर बोडनार जन्मभर स्टेडियमच्या सावलीत राहिला, पण आत जाऊन त्याने पाहिलेले सामने हाताच्या बोटांवर मोजता आले असते. त्याला गरजच वाटली नाही. कोशूट स्ट्रीटवरच्या घराच्या ओट्यावर तो रेडिओ लावून बसे, आणि रेडिओवरच्या माणसाने तोंड उघडायच्या आधीच स्टेडियममधल्या हजारो लोकांचा आवाज छपरांवरून येऊन आदळे. त्या आवाजावरूनच काय झालं ते एलमरला कळे. शहराच्या संघाचा, स्टोकर्सचा, कुणी चेंडू काखेत मारून रेषेपार गेला तर आवाज एकदम उसळून फुटायचा, आणि चेंडू हातातून निसटला तर हळूच खाली बसायचा. मागाहून रेडिओ तेच सांगे, आणि पोराने धडा बरोबर म्हटल्यासारखी एलमर मान हलवे.

लॅमर्टन हे सरोवराकाठचं, काचेच्या कारखान्यांचं शहर. भट्टीत कोळसा मारणाऱ्यांवरूनच अमेरिकन फुटबॉलच्या संघाला स्टोकर्स नाव पडलं. एलमरचा बाप हंगेरीतून आला तो थेट भट्टीपुढे उभा राहिला, आणि शाळा संपल्यावर एलमरही बापामागोमाग तिथेच लागला. गल्लीतली घरं सगळी हंगेरियनांची, लाकडी, बुटकी, एकमेकांना खेटलेली. बोडनारांचं तेवढं कोपऱ्यावरचं, म्हणून मागचं परस ऐसपैस. स्टेडियमभोवती गाड्या लावायला जागा पुरेना झाली तेव्हा एलमरची बायको इर्मा म्हणाली की टोमॅटोच्या वाफ्यांपेक्षा मोटारी बऱ्या, त्यांना पाणी घालावं लागत नाही. पुढच्या रविवारी तिने फाटकावर 'गाड्यांसाठी जागा' अशी पुठ्ठ्याची पाटी टांगली.

पहिल्या हंगामात आलेली माणसं दुसऱ्या हंगामात पुन्हा आली आणि मग येतच राहिली. कुणाला लवकर निघायचंय, कोण बिअरचा शेवटचा घोट संपेपर्यंत हलणार नाही, हे एलमरला पाठ होतं. त्याप्रमाणे तो हाताने खुणा करून एकेक गाडी आत घ्यायचा. सकाळपासून परसात जाळीच्या शेगड्या पेटत. इर्मा घरी केलेलं लसणीचं कोल्बास, म्हणजे हंगेरियन सॉसेज, भाजायला काढायची. लोक मक्याची कणसं आणत, डुकराच्या बरगड्या आणत. सामन्याची वेळ झाली की सगळे उठून जात आणि परस एकदम मुकं होई. एलमरला ते मुकेपण आवडायचं, कारण ही माणसं परत येणार हे त्याला ठाऊक असायचं.

त्यांच्यातला रॉस्को त्याच्या विशेष जवळचा. काळा, धिप्पाड, तोंडाचा फटकळ माणूस. तो एका पावाच्या बेकरीत होता, त्यामुळे परसातल्या सगळ्यांना पाव त्याच्याकडून. त्याची बायको लोरेटा चर्चमध्ये गायची. प्रार्थना आटोपल्याशिवाय ती निघत नसे, म्हणून त्यांची तपकिरी ब्यूक सगळ्यांत शेवटी यायची, आणि लोरेटा डोक्यावर चर्चची भलीमोठी टोपी घेऊन शेगड्यांच्या धुरात उतरायची. रॉस्को स्वतः काही चर्चची पायरी चढत नसे. बाहेर गाडीत बसून तो खेळाडूंच्या दुखापतींच्या बातम्या ऐकायचा.

इर्मा एका ऑक्टोबरात गेली, कसलाही इशारा न देता. रविवारी गाड्या नेहमीसारख्या फाटकाशी आल्या तेव्हा एलमरने बाहेर येऊन प्रत्येक खिडकीशी वाकून तेच एक वाक्य सांगितलं. दुसऱ्या दिवशी दफनाला सगळं परस लोटलं. ज्यांच्याकडे काळे कोट नव्हते त्यांनी स्टोकर्सची जाकिटं घातली होती. शवपेटीला खांदा देणाऱ्यांत रॉस्को होता. मुलगी डेनीस अॅरिझोनाहून आली होती. ती आठवडाभर राहिली, आणि बाबा, आता तुम्ही तिकडेच चला असं म्हणून म्हणून थकली.

एलमर गेला नाही. पुढच्या घरच्या सामन्याला त्याने स्वतः कोल्बास केलं. मिठाचा अंदाज पार चुकला होता. सगळ्यांनी मुकाट खाल्लं. फक्त रॉस्को म्हणाला, "इर्मा वरून बघतेय आणि पोट धरून हसतेय. आण, अजून एक आण."

तेव्हापासून एलमरचा आठवडा म्हणजे रविवारच झाला. काचेचे कारखाने एकामागून एक बंद पडले होते. त्याला थोडंफार पेन्शन होतं. सोमवार ते शनिवार तो घर झाडायचा, परसातली खडी सारखी करायचा, फाटकाच्या साखळ्यांना तेल घालायचा. संघ बाहेरगावी खेळायला गेला असेल तो रविवार त्याला गिळायला उठायचा.

मग संघाचा म्हातारा मालक वारला आणि संघ त्याच्या पुतण्याकडे गेला. हा ग्रँट वेदरली फ्लोरिडात राहायचा. लॅमर्टनच्या थंडीत त्याला कुणी कधी पाहिलं नव्हतं. आल्या आल्या तो म्हणाला की स्टेडियम जुनाट झालंय, वर छप्पर नाही, पैसेवाल्यांना बसायला काचेच्या खोल्या नाहीत. लोकांच्या करातून नवं बांधून द्या, नाहीतर टेक्सासमधलं एक शहर त्याची वाटच पाहतंय. काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा सरकारने, विक्रीकर वाढवायचा ठराव मतदानाला टाकला. कॉफीच्या दुकानापासून न्हाव्याच्या खुर्चीपर्यंत शहर उभं दुभंगलं. शाळांची छतं गळतायत आणि तुम्हाला स्टेडियमवर छप्पर हवंय, असं एक बाजू म्हणायची. संघ गेला तर लॅमर्टनचं नाव नकाशावर शोधावं लागेल, असं दुसरी. जाहिरातीतल्या चित्रात नवं स्टेडियम सरोवराकाठी, जुन्या गोदीच्या जागी, पांढऱ्या पक्ष्यासारखं बसलेलं दाखवलं होतं. गोदी कोशूट स्ट्रीटपासून फार लांब नव्हती. तेवढं लोक चालतील असा विचार करून एलमरने कराच्या बाजूने मत दिलं.

ठराव निसटत्या मतांनी पास झाला. त्या रविवारी परसात लोक नाचले.

गोदीची माती खणून पाहिली तेव्हा तिच्यात कारखान्यांनी वर्षानुवर्षं ओतलेलं विष निघालं. ती साफ करायला काही वर्षं लागली असती, आणि जुन्या स्टेडियमचा भाडेकरार संपत आलेला, वेदरली थांबायला तयार नव्हता. मग नकाशा पुन्हा पसरला गेला, आणि बोट जुन्या स्टेडियमच्या मागच्या बाजूला येऊन थांबलं. कोशूट स्ट्रीट आणि तिच्या पाठच्या दोन गल्ल्या.

काउंटीकडून मिस हॉलिस नावाची एक तरुण बाई आली. ती गोड बोलायची, कॉफी घ्यायची, इर्माचा भिंतीवरचा फोटो पाहून चौकशी करायची. घराला येईल त्यापेक्षा चांगली किंमत मिळेल, नवी जागा शोधायला मदत मिळेल, असं तिने समजावून सांगितलं. एलमरने विचारलं की मग लोकांनी गाड्या लावायच्या कुठे. ती म्हणाली, त्यासाठी मोठी बहुमजली इमारत होणार आहे. आणि शेगड्या कुठे लावायच्या, असं त्याने विचारलं तेव्हा त्याने विनोद केला असं समजून ती हसली.

शेजारी एकेक करून सह्या करत गेले. त्यांना दोष देण्यासारखं काही नव्हतं. बहुतेकांची मुलं लांब गेलेली, घरांची लाकडं कुजत चाललेली. समोरची मार्गिट साबो सर्वांत शेवटी निघाली. ती आणि एलमर एकाच गल्लीत धुळीत खेळत वाढलेले. सामानाची गाडी भरून झाल्यावर ती रस्ता ओलांडून आली आणि ओट्याच्या पायरीवर बसली.

"हट्ट कुणासाठी करतोयस, एलमर?" ती म्हणाली. "इर्मा इथं नाहीये. ती सेंट स्टीफनच्या दफनभूमीत आहे. तिथं कुणी स्टेडियम बांधत नाहीये."

 हट्ट इर्मासाठी नव्हताच. कुणासाठी होता ते सांगायची त्याला लाज वाटली. वर्षातून थोडेच दिवस येणाऱ्या, गाड्यांतून उतरणाऱ्या माणसांसाठी म्हातारा घर अडवून बसलाय, असं कसं सांगायचं?

हळूहळू गल्लीत त्याच्या एकट्याच्या खिडकीत दिवा लागायला लागला. बाकीच्या घरांना फळ्या ठोकलेल्या. सार्वजनिक कामासाठी घर सक्तीने घ्यायला कोर्टात गेलं तर काउंटी जिंकणार हे सगळ्यांना माहीत होतं, पण कोर्टाला वेळ लागतो आणि वेळच तर नव्हता. वर्तमानपत्राने त्याच्या घराचा फोटो छापला. पडक्या गल्लीत एकच रंगवलेलं घर, आणि खाली ओळ की लॅमर्टन आणि स्टोकर्स यांच्यामध्ये उभा असलेला माणूस. ज्याने आयुष्यात कुणाच्या वाटेत पाय घातला नाही त्याचं नाव आता दारूच्या गुत्त्यांत शिवीसारखं घेतलं जाऊ लागलं. एका सकाळी त्याच्या भिंतीवर लाल रंगात 'सही कर' असं लिहिलेलं सापडलं. एलमरने ते पुसलं नाही, त्यावर पांढऱ्या रंगाचा हात मारला. लाल त्यातूनही जरा दिसतच राहिला.

त्याला खरं लागलं ते परसाचं. हंगाम सुरू झाला तेव्हा निम्म्याच गाड्या आल्या. एकाने फोन करून सांगितलं की बायको नको म्हणतेय, तू समजून घे. बाकीच्यांनी फोनही केला नाही. जे आले ते लवकर खाऊन लवकर निघाले, आणि बोलताना त्याच्या डोळ्यांकडे पाहीनात. नोव्हेंबर लागेपर्यंत एवढ्या मोठ्या परसात एकटी तपकिरी ब्यूक उभी राहायला लागली. एलमर तरीही ती खुणा करून आत घ्यायचा.

अशाच एका रविवारी सामना संपल्यावर लोरेटा गाडीत जाऊन बसली आणि रॉस्को शेगडीपाशी रेंगाळला.

"एक बोलू?" तो म्हणाला.

"तू कधीपासून विचारून बोलायला लागलास?"

रॉस्को हसला नाही. त्याने चिमट्याने निखारे उगाच इकडचे तिकडे केले. "सही करून टाक, एलमर."

एलमर कागदी ताटल्या गोळा करत राहिला.

"कोर्टात वर्ष जाईल. तोवर तो वेदरली गाशा गुंडाळून पसार होईल. मग काय उरेल? तुझं घर उरेल. पण इथं येणार कोण?"

"तू येशील असं वाटत होतं मला," एलमर म्हणाला.

रॉस्कोने वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट, साधी गोष्ट कशी कळत नाही असा भाव होता. "फुटबॉलच नसला तर मी तुझ्याकडे काय म्हणून येऊ, लेका?"

तो गेल्यावर एलमर थंडीत बराच वेळ उभा राहिला. रॉस्कोचं म्हणणं त्याने उलटसुलट करून पाहिलं, पण त्यात खोट सापडेना. आठवडा संपायच्या आत त्याने मिस हॉलिसला बोलावून सही केली. तिने त्याचे आभार मानले आणि म्हणाली की शहर तुम्हाला विसरणार नाही.

ख्रिसमसच्या आधी तो शहराबाहेर, हमरस्त्याच्या कडेला म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या इमारतीत राहायला गेला. खोल्या उबदार होत्या, स्वच्छ होत्या, भिंती इतक्या जाड की शेजारी माणूस राहतो की नाही ते कळू नये. हंगामातले शेवटचे सामने त्याने तिथल्या टीव्हीवर पाहिले. चित्र आणि आवाज दोन्ही एकदमच यायचे, त्यामुळे काय होणार ते त्याला आधी कळेना. आपण आंधळे झालो आहोत असं त्याला वाटायचं.

कोशूट स्ट्रीट जानेवारीत पाडली. एलमर पाहायला गेला नाही.

आणि मार्चमध्ये स्टोकर्स गेले. छपराचा खर्च अंदाजापेक्षा वाढला होता. वरचा सगळा भार काउंटीने उचलावा असं वेदरली म्हणाला, काउंटीने पहिल्यांदाच नाही म्हटलं, आणि त्याने टेक्सासच्या कागदांवर सही करून टाकली. लोकांनी रस्त्यावर येऊन जाकिटं जाळली. मोठी मोठी माणसं टीव्हीवर रडली. एलमरने ते सगळं खुर्चीत बसून पाहिलं. आपल्याला घराचं इतकं वाईट वाटत नाहीये याचं त्यालाच नवल वाटलं. घर त्याने दिलं होतं, बदल्यात काही मागितलं होतं, ते मिळालं नाही. अशा गोष्टी जगात घडतात. मार्गिट साबोने फोन केला आणि हंगेरियनमध्ये वेदरलीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तिचं ऐकताना एलमरला बरंही वाटलं. फोन ठेवल्यावर पुन्हा जैसे थे.

सप्टेंबर आला तेव्हा खरी परीक्षा झाली. पहिल्या रविवारी तो सवयीने पहाटे उठला, दाढी केली, बूट घातले, आणि मग बूट घालून पलंगावर बसून राहिला. रॉस्कोला फोन करावा असं त्याच्या मनात आलं. त्याने टेलिफोनची डिरेक्टरी मांडीवर घेतली, आणि तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं की रॉस्कोचं आडनाव आपल्याला माहीत नाही.

इतकी वर्षं हा माणूस परसात आला, इर्माच्या पेटीला त्याने खांदा दिला. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन कुठल्या पायाचं झालं ते एलमरला माहीत होतं, नातीला शेंगदाणे चालत नाहीत हे माहीत होतं, कोल्बासवर मस्टर्ड कोणतं आवडतं तेही. पण राहतो कुठे, आडनाव काय, हे कधी विचारायची वेळच आली नव्हती. रविवारी तो येणारच असायचा. येणाऱ्या माणसाचा पत्ता कोण विचारतो?

बेकरीत विचारावं म्हणून तो बस पकडून गेला. बेकरी बंद पडून काही महिने झाले होते, फाटकाला गंजकं कुलूप. परतताना बसच्या खिडकीतून कोशूट स्ट्रीटची जागा दिसली. सपाट माती, त्यावर रानगवत, पलीकडे जुनं स्टेडियम रिकामं उभं. आपलं परस नेमकं कुठे होतं ते त्याला ठरवता आलं नाही.

एकच धागा उरला. लोरेटा ज्या चर्चमध्ये गायची त्याच्या नावात 'माउंट' होतं हे त्याने कधीतरी ऐकलं होतं. पुढे काय ते आठवेना. डिरेक्टरीत पाहिलं तर शहराच्या पूर्व भागात माउंट झायन होतं, माउंट ऑलिव्ह होतं, माउंट कार्मेल, माउंट मोराया, माउंट नीबो. बायबलमधले सगळे डोंगर उचलून लॅमर्टनमध्ये आणून ठेवल्यासारखे. एलमर फोन करू शकला असता. पण फोनवर काय विचारणार? लोरेटा नावाची, मोठी टोपी घालणारी बाई तुमच्याकडे गाते का, असं? त्यापेक्षा जाणं सोपं वाटलं. रविवार तसाही मोकळाच होता.

अशा रीतीने हा कॅथलिक म्हातारा दर रविवारी एका वेगळ्या चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसायला लागला. काळ्या माणसांच्या त्या चर्चमध्ये तोच एकटा गोरा असे. त्याला कुणी परकं वागवलं नाही. दाराशी पांढरे हातमोजे घातलेल्या बायका त्याचा हात हातात घेत, बसायला नीट जागा देत. फक्त एका गोष्टीचा त्याला घोर लागे. मध्येच पास्टर म्हणे की आज पहिल्यांदा आलेल्यांनी उभं राहून आपलं नाव सांगावं. मग एलमर टोपी मुठीत चुरगाळत उभा राहून म्हणे, "मी एलमर बोडनार," आणि गाणाऱ्या बायकांवरून एक नजर फिरवून खाली बसे.

माउंट मोरायामध्ये त्याने नाव सांगितलं तेव्हा पुढच्या बाकावरच्या एका माणसाने वळून त्याला निरखलं. चर्च सुटल्यावर तो पायऱ्यांवर भेटला.

"तो घरवाला तूच ना?" तो शांतपणे म्हणाला. "तू लगेच सही केली असतीस तर संघ राहिला असता."

तसं नाही, छपरामुळे गेला, असं एलमरला सांगता आलं असतं. पण त्या माणसाचा चेहरा भांडायला आलेल्याचा नव्हता, काहीतरी हरवलेल्याचा होता. "असेल," एवढंच एलमर म्हणाला आणि बसथांब्याकडे गेला. त्यानंतर काही रविवार तो खोलीतून बाहेर पडलाच नाही. डेनीसचा फोन आला. बाबा, तिथं आता तुमचं आहे तरी कोण, असं ती म्हणाली. एलमरने सांगितलं की शोधतोय. तिला वाटलं ऐकण्यात काहीतरी चूक झाली.

पानगळ सरता सरता तो माउंट नीबोत गेला. छोटंसं विटांचं चर्च, आत हिटरची ऊब. गाणाऱ्या बायका आत आल्या त्यांत लोरेटा होती. अंगात निळा झगा, डोक्यावर टोपी नाही, म्हणून पहिल्यांदा त्याने तिला ओळखलंच नाही. तिने मात्र त्याला ओळखलं. गाणं न थांबवता ती त्याच्याकडे बघत राहिली. पाहुण्यांनी उभं राहायची वेळ आली तेव्हा एलमर उठला, पण तोंड उघडायच्या आत लोरेटाचाच आवाज आला.

"ते आमचे आहेत, पास्टर. आमच्याकडचे एलमर."

एलमर खाली बसला. त्याला टोपी तोंडावर धरावी लागली.

प्रार्थनेनंतर तिने त्याला घरी नेलं. तपकिरी ब्यूक ती स्वतः चालवत होती. वाटेत म्हणाली, रॉस्को आता फार बाहेर पडत नाही, साखरेने पाय धरलेत. दारावरच्या पाटीवर पेटिग्रू लिहिलेलं होतं. एलमरने ते मनात दोनदा वाचलं.

रॉस्को आरामखुर्चीत होता. निम्मा झाला होता. एलमरला दारात पाहून त्याने उठायचा प्रयत्न केला आणि मग तो सोडून दिला.

"घर कसं सापडलं तुला?"

"घर नाही सापडलं. चर्च सापडलं."

लोरेटा स्वयंपाकघरात गेली. टीव्हीवर कुठला तरी सामना चालू होता, दुसऱ्याच दोन शहरांचा. रॉस्कोने तो बंद केला.

"मी तुझा नंबर शोधला नाही," रॉस्को म्हणाला. "वर्तमानपत्रात तुझं नाव आलं होतं, चौकशी केली असती तर मिळाला असता. लोरेटा मागे लागली होती. मला तोंड दाखवायचा धीर झाला नाही. माझ्या सांगण्यावरून तू घर घालवलंस."

"तुझ्या सांगण्यावरून नाही. तू एक विचारलं होतंस, त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं."

"काय विचारलं होतं?"

"फुटबॉल नसला तर मी तुझ्याकडे काय म्हणून येऊ, असं."

रॉस्कोने डोळे मिटले. "असं म्हणालो मी?"

"बरोबरच होतं ते," एलमर म्हणाला. "आता बघ ना, मी आलोय खरा. पण काय बोलायचं ते मलाही सुचत नाहीये."

 लोरेटाने चिकन आणि घेवडा वाढला, तिघं जेवले. परसात उभ्या उभ्या कागदी ताटलीत खाताना तोंडाचा पट्टा कधी थांबला नव्हता. इथे टेबलाशी, काट्या-चमच्यांच्या आवाजात, तीन पोक्त माणसं एकमेकांना मीठ पुढे करत राहिली. लोरेटाने त्याला बसथांब्यावर सोडलं आणि पुन्हा ये म्हणाली. बघतो, असं एलमर म्हणाला.

तो पुन्हा गेला. दर रविवारी नाही. कधी हाडं दुखायची, कधी बर्फ असायचं, आणि कधी नुसतंच मन घ्यायचं नाही. जायचा नाही त्या रविवारी तो खिडकीशी बसून हमरस्त्यावरच्या गाड्या बघायचा, आणि जायचा त्या रविवारीही येताना फार काही घेऊन यायचा असं नाही. माउंट नीबोत आता त्याला उभं राहून नाव सांगावं लागत नसे. चर्च सुटल्यावर तो खुर्च्या आवरायला हात लावायचा. मग लोरेटाबरोबर जाऊन जेवायचा आणि रॉस्कोसमोर बसायचा. पत्ते खेळून पाहिले, पण रॉस्कोची नजर कमजोर झाली होती. फुटबॉलचा विषय दोघांनीही काढला नाही.

हिवाळा संपत आला तेव्हा एका दुपारी रॉस्को अचानक म्हणाला, "एलमर, तू भट्टीवर होतास ना? म्हणजे नेमकं काय करायचास रे?"

इतक्या वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. इर्माला ते माहीत होतं आणि डेनीसला त्यात रस नव्हता. एलमर जरा सावरून बसला. पहिल्या दिवशी बापाने त्याला भट्टीपुढे कसं उभं केलं तिथून त्याने सुरुवात केली. वाळू वितळते तेव्हा तिचा रंग कसकसा बदलतो ते सांगितलं. लोखंडी नळीच्या टोकावरचा तो लालभडक गोळा पहिल्यांदा पाहिला तेव्हा भीती कशी वाटली नाही, भूक लागली, तेही सांगितलं. उन्हाळ्यात बायका डब्यांबरोबर खारं ताक पाठवायच्या, आणि एकदा एका माणसाच्या मिशा जळाल्या तेव्हा पाळीवरचे सगळे हसून हसून बेजार झाले होते.

मिशांपर्यंत आला तेव्हा रॉस्कोचं डोकं छातीवर उतरलं होतं. श्वास एका लयीत चालला होता. एलमर थांबला. आत स्वयंपाकघरात लोरेटा भांडी घासत होती, नळ चालू होता, तिला ऐकू येत होतं की नाही कोण जाणे.

मग त्याने पुढे सांगायला सुरुवात केली. आवाज जरा खाली आणून, पण काही न गाळता, शेवटची भट्टी विझवली त्या दिवसापर्यंत सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर तो उठला, रॉस्कोच्या गुडघ्यांवरचं पांघरूण सारखं केलं, आणि टोपी घेऊन बसची वेळ गाठायला निघाला.